मोठी मॉडेल विमाने आणि अनेक सिलिंडरची ग्लो इंजिने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन (मिथेनॉलवर चालणारे, तापलेल्या तारेच्या प्लगने पेटणारे) ज्यांना नीट लावता येते आणि मोठे विमान उडवण्याचा ज्यांचा हात बसला आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. अनेक सिलिंडरच्या इंजिनाकडे एकच मोठे इंजिन म्हणून पाहिले की चुका सुरू होतात. पाच सिलिंडरचे रेडियल (क्रँकभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे सिलिंडर लावलेले इंजिन) म्हणजे एका क्रँकवर काम करणारी पाच छोटी इंजिने आहेत, आणि त्यांतले सर्वांत कमजोर जे असेल ते उड्डाण कसे होणार हे ठरवते. पुढची बहुतेक उत्तरे याच गोष्टीकडे वळतात.

सिलिंडर वाढले की ताकद वाढते का?

तेवढ्याच सीसीत नाही. ५० सीसीचे एक सिलिंडर आणि ५० सीसीचे पाच सिलिंडरचे रेडियल यांत एक सिलिंडरचे इंजिन हलके, स्वस्त आणि बहुधा जास्त ताकदवान असते. रेडियलमध्ये घर्षणाचे भाग जास्त, व्हॉल्व्ह जास्त, वजन जास्त. मिळते ते वेगळेच: थरथर कमी, आयडल संथ, मोठा प्रॉप (प्रोपेलर) कमी फेऱ्यांवर फिरवण्याची सवय, आणि खऱ्या विमानाच्या जवळ जाणारा आवाज. थ्री-डी कसरतींसाठी हे इंजिन घेऊ नका. स्केल मॉडेलसाठी मात्र त्याला तोड नाही.

कोणत्या विमानाला कोणते इंजिन शोभते?

मूळ विमानाच्या नाकात काय होते ते आधी पाहा. पायपर जे-३ कबमध्ये चार सिलिंडरचे आडवे इंजिन होते, म्हणून त्याला फ्लॅट ट्विन किंवा फ्लॅट-फोर (आडवे दोन किंवा चार सिलिंडर). बोईंग स्टीअरमनच्या बऱ्याच विमानांवर सात सिलिंडरचे कॉन्टिनेंटल रेडियल होते, तिथे पाच किंवा सात सिलिंडरचे रेडियल उघडे ठेवले तरी देखणे दिसते. टायगर मॉथचे जिप्सी मेजर एका रांगेत उलटे बसवलेले चार सिलिंडरचे होते, त्याच्या अरुंद काउलमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) रेडियल मावणारच नाही.

ओएस कंपनीचे एफएफ-३२० हे फ्लॅट-फोर, एफआर५-३०० हे पाच सिलिंडरचे आणि एफआर७-४२० हे सात सिलिंडरचे रेडियल, सायटो कंपनीचे एफए-३२५आर५ हे पाच सिलिंडरचे, ही या वर्गातली ओळखीची नावे. नावातला आकडा घन इंचांचे शतांश सांगतो: ३०० म्हणजे ३ घन इंच, सुमारे ४९ सीसी.

आखूड नाकाच्या विमानांना रेडियलचे वजन उपयोगी पडते, कारण नाहीतर नाकात शिसेच भरावे लागते. पण लांब नाकाच्या विमानात तेच वजन शेपटीत शिसे मागते. इंजिन विकत घेण्याआधी गुरुत्वमध्याचे गणित कागदावर मांडा.

रेडियलमध्ये सिलिंडर नेहमी विषम संख्येत का?

फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. एका ओळीत सिलिंडर विषम असले की एक सोडून एक असे पेटवत गेल्यावर दोन फेऱ्यांत सगळ्यांचा नंबर बरोबर लागतो आणि अंतर समान राहते. पाच सिलिंडरचा क्रम १-३-५-२-४, म्हणजे दर १४४ अंशांना एक ठोका. सात सिलिंडरचा क्रम १-३-५-७-२-४-६.

याचा रोजचा उपयोग असा: प्रॉप हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवला की पाच सिलिंडरच्या इंजिनात पाच कॉम्प्रेशन हाताला लागली पाहिजेत, तीही सारख्या जोराची. चारच लागली तर प्लग सैल आहे, व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा टॅपेटला (व्हॉल्व्ह आणि तो उघडणारा रॉकर यांच्यात) फटच उरलेली नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि प्रत्येक वेळी करायची आहे. ग्लो ड्रायव्हर (प्लगना वीज देणारे साधन) जोडलेला नसताना, थ्रॉटल बंद ठेवून.

इंधन कोणते वापरावे?

मिथेनॉल, १० ते १५ टक्के नायट्रोमिथेन आणि १८ टक्क्यांच्या आसपास तेल. उत्पादकाने वेगळे सांगितले असेल तर तेच अंतिम. या इंजिनांत वेगळे तेलपात्र नसते. पिस्टनच्या बाजूने खाली निसटणाऱ्या वायूबरोबर जे तेल क्रँककेसमध्ये जाते, त्यावरच बेअरिंग, मास्टर रॉड, लिंक रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे) आणि कॅम जगतात. म्हणून तेल कमी करून जरा जास्त आरपीएम मिळवण्याचा मोह टाळा. तेलात थोडे एरंडेल असावे, कारण मिश्रण चुकून लीन (इंधन कमी, हवा जास्त) झाले तरी ते उच्च तापमानात टिकून राहते. निव्वळ एरंडेल मात्र व्हॉल्व्हवर आणि रिंगांच्या खाचांत चिकट थर धरते.

नायट्रो वाढवल्याने आयडल सुधारते, पण पेटण्याची वेळही अलीकडे येते. ३० टक्के नायट्रो भरून इंजिन खडखडू लागले तर ती ताकद नाही, लिंक रॉडवर पडणारे घण आहेत.

ग्लो प्लगना वीज कशी द्यावी? एका सेलवर पाच प्लग चालतात का?

जास्तीत जास्त तक्रारींचे मूळ इथे असते, म्हणून सविस्तर.

ग्लो प्लगची एक बाजू म्हणजे त्याचे धातूचे अंग, आणि ते थेट सिलिंडर हेडला जोडलेले असते. त्यामुळे सगळे प्लग आपोआप समांतर जोडणीत येतात. व्होल्टेज सगळ्यांना सारखे, सुमारे १.२ ते १.५, आणि प्रवाहांची मात्र बेरीज होते. एक प्लग साधारण ३ अँपिअर घेतो असे धरले तर पाच प्लगना १५ अँपिअर लागतात. १.२ व्होल्टचा एकटा सेल इतका प्रवाह देताना व्होल्टेज खाली पाडतो, सगळेच प्लग मंद पेटतात, आणि ओल्या सिलिंडरचा प्लग तर तांबूसही होत नाही.

तार हा दुसरा चोर. १ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेतून जाऊन-येऊन १ मीटर अंतर १५ अँपिअर नेले, तर सुमारे ०.२६ व्होल्ट तारेतच जातात. १.२ मधून ०.२६ म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त. ही घट १२ व्होल्टच्या कामात कुणाला कळणारही नाही, इथे मात्र तिच्यामुळे इंजिन सुरू होत नाही. म्हणून:

- प्रत्येक प्लगला स्वतंत्र तार द्या, सगळ्या सारख्या लांबीच्या. सामाईक परतीची तार निदान २.५ चौरस मिमीची घ्या.
- परतीची तार थेट क्रँककेसच्या बोल्टला लावा. इंजिन रबरी माउंटवर असेल तर याला पर्यायच नाही, कारण रबरातून वीज जात नाही.
- क्लिप घट्ट बसणारी हवी. तेलाने काळी पडलेली क्लिप मिथेनॉलने पुसून घ्या.
- शक्य असल्यास प्रत्येक प्लगचा प्रवाह वेगळा मोजणारा आणि सांभाळणारा ड्रायव्हर वापरा. दोन सेलची लिपो बॅटरी सरळ प्लगला लावली तर प्लग क्षणात जळतात. तिच्यासाठी मध्ये ड्रायव्हर हवाच.

अँमीटर बरेच काही सांगतो. प्रवाह शून्य म्हणजे प्लगची तार तुटली आहे किंवा क्लिप बसलेली नाही. एका प्लगचा प्रवाह इतरांपेक्षा ठळकपणे जास्त म्हणजे तो सिलिंडर इंधनाने भिजला आहे: थंड तारेचा रोध कमी, म्हणून प्रवाह जास्त.

इंजिन एकदा चालू झाले की प्लगची वीज काढायची ना?

एका सिलिंडरच्या इंजिनात काढतोच. इथे विमानातच ड्रायव्हर बसवून तो कमी थ्रॉटलवर, साधारण पाव किंवा एकतृतीयांशाच्या खाली, आपोआप चालू होईल असे करावे. आयडलवर मिश्रण ओले असते आणि रेडियलच्या खालच्या सिलिंडरांत ते जास्त ओले पोचते. तिथला प्लग थंड पडतो, सिलिंडर गप्प होतो, आणि लँडिंग सोडून पुन्हा वर जायची वेळ येते तेव्हा तो चटकन जागा होत नाही. ड्रायव्हर आणि त्याच्या तारा रिसीव्हरपासून शक्य तितक्या लांब ठेवा. विमानावर वेगळा स्विच हवा. तो बंद आहे याची खात्री झाल्याशिवाय प्रॉपला हात लावायचा नाही.

खालच्या सिलिंडरमध्ये तेल साचते म्हणतात. त्याने नक्की काय बिघडते?

रेडियल किंवा उलटे इंजिन उभे राहिले की क्रँककेसमधले तेल आणि इनटेकमधले इंधन उतार शोधत खालच्या सिलिंडरांत उतरते. ज्वलनकक्षाच्या आकारमानापेक्षा द्रव जास्त झाला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन हेडकडे सरकला, तर तो अडतो, कारण द्रव दाबला जात नाही. याला हायड्रॉलिक लॉक म्हणतात. हाताने फिरवताना प्रॉप नुसता थांबतो, नुकसान काही नाही. पण तेच स्टार्टर लावून जोर दिला की लिंक रॉड वाकतो. आणि वाकलेल्या रॉडची खरी फसवणूक अशी, की इंजिन त्यावर चालूही होते आणि काही मिनिटांनी हवेत तुटते.

प्रॉप अडला तर उलटाही फिरवू नका. उलट फिरवल्यावर तो द्रव इनटेकच्या नळीत ढकलला जातो, प्रॉप मोकळा वाटतो, आणि इंजिन पेटताच तोच द्रव पुन्हा सिलिंडरमध्ये ओढला जातो. खालच्या सिलिंडरांचे प्लग काढा, खाली कापड धरा आणि प्रॉप सरळ दिशेने चार-सहा फेऱ्या सावकाश फिरवा. काळसर तेल बाहेर येईल. प्लग पुसून, वॉशर जागेवर आहे हे पाहून परत बसवा.

दिवसाच्या पहिल्या स्टार्टआधी खालचे प्लग काढून पाहणे हाच पक्का नियम ठेवा. काउल असा बनवा की ते प्लग काउल न काढता पान्याला लागतील. रेखाटन करताना हे सुचले नाही, तर पुढे कंटाळ्याने तपासणी टळते.

सुरू करण्याचा क्रम काय?

विमान मागून बांधलेले किंवा एका मदतनिसाने धरलेले हवे. ट्रान्समीटर चालू, मग रिसीव्हर, थ्रॉटलची दिशा तपासलेली. ड्रायव्हर बंद.

खालचे सिलिंडर तपासा. चोक बंद करून, थ्रॉटल साधारण अर्धे उघडून, प्रॉप हाताने फिरवा. इंधन नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत पोचताना दिसले की आणखी दोन ते चार फेऱ्या पुरेत. इनटेकच्या नळ्या लांब असल्याने एक सिलिंडरच्या इंजिनापेक्षा जरा जास्त लागते, पण इथेच हात आवरायचा, कारण जादा गेलेले सगळे खालीच जाते. चोक उघडा, थ्रॉटल आयडलच्या किंचित वर आणा. पुन्हा दोन फेऱ्या हाताने फिरवून कुठे अडत नाही ना ते बघा. आता ड्रायव्हर चालू करा, प्रत्येक प्लगचा प्रवाह पाहा आणि स्टार्टर लावा. इथून पुढे हात प्रॉपजवळ न्यायचा नाही.

पहिले काही सेकंद दोन-तीनच सिलिंडर पेटणे नेहमीचे आहे. थ्रॉटल जोरात उघडू नका. आयडलच्या जरा वर १५ ते ३० सेकंद चालू द्या, बाकीचे येऊन मिळतात.

नवे इंजिन कसे रुळवावे?

रिच (इंधन जास्त असलेल्या) मिश्रणावर, कमी ते मध्यम फेऱ्यांवर, मध्ये थंड होऊ देत. चार-पाच टाक्या तरी. पूर्ण थ्रॉटल पहिल्या टाकीत द्यायचा नाही, नंतरही काही सेकंदच. या काळात प्रॉप पुस्तिकेतल्या यादीतला हलक्या बाजूचा घ्या. रुळल्यावर हेड बोल्ट, इनटेकचे जोड, एक्झॉस्टचे नट आणि टॅपेट सगळे इंजिन पूर्ण थंड असताना पुन्हा तपासा.

मुख्य नीडल कुठे ठेवावी?

पूर्ण थ्रॉटलवर टॅकोमीटरने सर्वांत जास्त आरपीएम शोधा आणि मग नीडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) उघडून २०० ते ३०० फेऱ्या कमी होतील इतके रिच करा. एका सिलिंडरला लागते त्याहून जास्त सवलत द्यावी, कारण नीडल एकच आणि सिलिंडर अनेक. तुम्ही सरासरी लावता, पण एखादा सिलिंडर त्या सरासरीपेक्षा लीन असतोच, आणि जळतो तो तोच.

मग विमान घट्ट धरून नाक वर उचला आणि पूर्ण थ्रॉटलवर दहा सेकंद ऐका. मोठ्या विमानाला हे काम दोघांचे आहे. आरपीएम चढून मग पडू लागले तर अजून रिच हवे.

एक सिलिंडर थंड राहतो. कुठून शोध घ्यायचा?

आधी तो कोणता हे नक्की करा. इंजिन मिनिटभर चालवून बंद करा आणि लगेच प्रत्येक हेडचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या, प्रत्येक वेळी त्याच जागी, प्लगच्या बुडाशी. वरच्या आणि खालच्या सिलिंडरांत थोडा फरक असणारच. एखादा ३०–४० अंशांनी मागे असेल तर तो काम करत नाही. त्याच्या एक्झॉस्टमधून न जळलेले ओले इंधनही गळत असते.

पुढे स्वस्तातून महागाकडे जा. त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्याशी बदला. थंडपणा प्लगबरोबर शेजारी गेला तर प्लग वाईट. नवा टाका, पण त्याच कंपनीचा आणि त्याच प्रकारचा. वेगवेगळ्या उष्णतेचे प्लग मिसळले तर प्रत्येक सिलिंडर वेगळ्या वेळी पेटतो. प्लग बदलूनही थंडपणा तिथेच राहिला तर क्लिप आणि तार पाहा. तेही ठीक असेल तर हाताने कॉम्प्रेशन आणि मग टॅपेट.

हे सगळे बरोबर असूनही सिलिंडर चुकत असेल, तर इनटेक नळीच्या जोडावर संशय घ्या. तिथून हवा आत जाते, तेवढा एकच सिलिंडर लीन होतो. तो चुकतो किंवा बाकीच्यांपेक्षा गरम राहतो. इंजिन आयडलवर ठेवून, प्रॉपच्या मागच्या बाजूने, लांब नळीच्या बाटलीने जोडावर तेलाचा एक थेंब सोडा. थेंब आत ओढला गेला किंवा आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. ओ-रिंग किंवा गॅस्केट बदला. नट नुसता आवळत राहिल्याने नळीची कड चेपते आणि गळती कायमची होते.

टॅपेटची फट किती?

बहुतेक मॉडेल फोर-स्ट्रोकना ०.०४ ते ०.१० मिमी, इंजिन थंड असताना. तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, दोन्ही रॉकर सैल लागले पाहिजेत. ०.०४ ची पट्टी सरकावी, ०.१० ची अडावी. सगळ्या सिलिंडरांची फट सारखी ठेवणे हे नेमक्या आकड्याइतकेच महत्त्वाचे. पहिल्या तासाभराच्या चालण्यानंतर एकदा आणि मग प्रत्येक हंगामात एकदा पाहा.

टाकी कुठे बसवावी?

टाकीची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या जेटच्या पातळीत किंवा ५ ते १० मिमी खाली. वर गेली तर उभ्या विमानात इंधन आपोआप इंजिनात उतरते, आणि खालच्या सिलिंडरचे काय होते ते वर आलेच आहे. उड्डाणांच्या मध्ये इंधनाची नळी चिमटून ठेवा. एक्झॉस्टचा दाब टाकीला द्यायचा असेल तर तो कलेक्टर रिंगवरून घ्यावा. इंजिनात पंप असेल तर पुस्तिकेत सांगितल्याशिवाय दाब देऊ नका.

किती मिनिटे उडायचे हे जमिनीवर मोजून ठरवा, आणि टाकीचा ७० टक्के भाग संपेल तिथे टायमर लावा.

काउलमध्ये थंड हवा कशी फिरवावी?

हवा आत येणे पुरेसे नाही, ती सिलिंडरवरच्या पातळ पंखांच्या (फिन्सच्या) फटींतून जायला हवी. सिलिंडरांमधल्या मोकळ्या जागा पातळ प्लाय किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बॅफलने (हवा वळवणाऱ्या पट्टीने) बंद करा, पंखांपासून २–३ मिमी सोडून. बाहेर पडण्याची जागा आत येणाऱ्या जागेच्या निदान दुप्पट ठेवा. काउलच्या खालच्या मागच्या कडेला छोटा ओठ दिला की हवा ओढली जाते. सोडलेली मोठी भोके सुंदर काउलचे रूप बिघडवतात हे खरे, पण दुप्पटीचा हिशेब सोडू नका.

एक्झॉस्ट आणि ब्रीदरबद्दल काही?

नळ्या लवचिक स्टीलच्या घ्या. ताठ नळी थरथरीने हेडजवळ तडकते. क्रँककेसच्या ब्रीदरला (आतला दाब सोडणाऱ्या भोकाला) नळी लावून ती काउलबाहेर काढा आणि कधीही बंद करू नका. आत दाब साठला तर तेल पुढच्या बेअरिंगमधून बाहेर पडते.

प्रॉप कोणता आणि तो सुटतो का?

५० सीसीच्या आसपासच्या रेडियलला १८ ते २२ इंचांचा. उत्पादकाच्या यादीतून सुरुवात करा. सुटतो तो बहुधा लीन मिश्रणामुळे किंवा जादा नायट्रोमुळे: इंजिन उलटा ठोका देते आणि नट सैल होतो. लॉक नट नेहमी वापरा. लाकडी प्रॉपचे लाकूड दबते, म्हणून पहिल्या उड्डाणानंतर आणि हवामान बदलल्यावर नट पुन्हा आवळा.

हवेत एक सिलिंडर बंद पडला तर?

पाचातला एक गेला म्हणजे ताकद एक पंचमांशापेक्षा जास्त घटते, कारण उरलेल्या चारांना तो मेलेला सिलिंडरही ओढावा लागतो. आवाज घोड्याच्या लंगड्या चालीसारखा होतो, तो ओळखायला शिका. थ्रॉटल मध्यावर ठेवा, उंची सोडू नका, लगेच उतरायला या. थ्रॉटल आयडलवर आणून पुन्हा उघडण्याचे प्रयोग नकोत. पूर्ण बंद पडले तर नाक ताबडतोब खाली. जड विमान आणि न फिरणारा मोठा प्रॉप मिळून वेग झपाट्याने खातात, आणि धावपट्टी गाठण्यासाठी ताणलेली ग्लाइड शेवटच्या वळणावर स्टॉल होते (पंखांची उचल संपते).

रेडिओच्या बाजूने काय वेगळे?

दोन बॅटऱ्या, दोन स्विच, सर्व मोठ्या पृष्ठभागांना धातूच्या गिअरचे सर्व्हो. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावरच्या ठरीव स्थितीत) थ्रॉटल आयडलवर किंवा इंजिन बंद. रेंज चाचणी दोनदा घ्या: इंजिन बंद असताना आणि इंजिन व ड्रायव्हर चालू असताना. वजनाची मर्यादा आणि परवानगी ज्या-त्या देशाच्या नियमाप्रमाणे, ती उडवण्याआधी पाहा.

मिथेनॉलला आग लागली तर कळते का?

उन्हात ज्योत जवळपास दिसत नाही. रंग फुगताना किंवा हवा थरथरताना दिसली तर आग समजा. इंधनाची नळी बंद करा आणि कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक वापरा. मिथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळते, त्यामुळे भरपूर पाण्यानेही ते विझते. ते त्वचेतून शरीरात जाते आणि विषारी आहे, हात लगेच धुवा.

दिवस संपल्यावर इंजिनाचे काय करायचे?

टाकी रिकामी करा, नळीतले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवून बंद पाडा. मिथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि नायट्रोच्या ज्वलनातून आम्लधर्मी अवशेष राहतात. दोन्ही मिळून बेअरिंगला गंज चढवतात. प्रत्येक प्लगच्या भोकातून आफ्टर-रन तेलाचे ८–१० थेंब आणि ब्रीदरमधून थोडे जास्त घाला, प्रॉप हाताने दहा-बारा फेऱ्या फिरवा. मग खालचे प्लग काढून जादा तेल निथळू द्या आणि ते हातानेच घट्ट बसतील इतके लावून ठेवा. प्रॉपवर एक चिठ्ठी बांधा: ‘खालचे प्लग सैल आहेत’.